दगड वर आलाय

बारा मे १९६६, गुरुवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी जगातल्या दोन सगळ्यात बलाढ्य देशांचं बोलणं तोडलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी फक्त एक दगड ओढत होते.

आमच्याकडे दगड उगवतात. हिवाळ्यात जमीन कमरेएवढी खोल गोठते, फुगते आणि खालच्या दगडाला बोट-बोट वर ढकलते. वसंतात बर्फ उतरला की शेतात न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे नवे दगड येऊन बसलेले असतात. बाबा म्हणायचे, आमच्या योउत्सेला गावात दुसरं काही पिको न पिको, दगडाचं पीक बुडत नाही.

त्या दिवशीचा दगड बांधालगत होता. मी त्याला साखळी अडकवली, ट्रॅक्टर पुढे घेतला. दगड कुरकुरत निघाला आणि त्याच्या पोटाखालून एक काळी, अंगठ्याएवढी जाड केबल वर आली. ती ताणली गेली, क्षणभर थरथरली... आणि तुटली. तीन वर्षांपूर्वी काही माणसांनी बांधाच्या कडेनं चर खणून बुजवला होता. टेलिफोनचं काम, एवढंच सांगितलं होतं. आमच्या घरात सुतळीचा तुकडासुद्धा फेकत नाहीत. म्हणून मी केबलची दोन्ही टोकं नीट गुंडाळून बांधावर ठेवली आणि पुन्हा कुळव जोडला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी एक राखाडी गाडी आली. तिच्यातून एक उंच माणूस उतरला आणि दारं उघडी टाकून शेतातून धावत आला. कान थंडीनं लाल, बुटांच्या नाड्या सुटलेल्या. त्या गुंडाळ्यांकडे तो बघतच राहिला.

“हे... हे कुणी गुंडाळलं?”

“मी.”

“इतकं सुबक?”

“मग काय, लोळत ठेवायचं?”

“बाई, तुम्हाला ठाऊक आहे का, तुम्ही काय तोडलंय?”

“तुम्हाला ठाऊक आहे का, तुम्ही कशावर उभे आहात? कालच ओट पेरलाय तिथं.”

त्यानं खाली पाहिलं. एक पाय उचलला. तो ठेवायला जागा शोधली, ती नव्हती. बगळ्यासारखा तसाच एका पायावर उभा राहून तो म्हणाला, “मग मी आता काय करू?”

मला हसू आलं. त्यालाही आलं. त्याचं नाव एस्को हुक्कानेन. हेलसिंकीचा. काम : तुटलेलं जोडणं.

तोवर रस्त्यावर आणखी दोन मोटारी येऊन थांबल्या. टोप्या घातलेले सहा जण उतरले आणि एका रांगेत उभे राहिले. कुणी आरडाओरडा केला नाही. सगळे फक्त घड्याळं बघत होते. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. आणि नेमक्या त्याच वेळी पाण्यात मिसळलेला बर्फ पडायला लागला. आमच्याकडे मे महिन्यालाही भरवसा नसतो.

“जोडात एक थेंब गेला तरी संपलं,” एस्को म्हणाला. त्यानं खड्ड्यावर छोटा तंबू उभारला. त्याचा जोडीदार पुढच्या ठाण्यावर तपासणीला बसला होता, म्हणून कंदील धरायला माणूस नव्हता. मी आत वाकले.

आत दोघांपुरतीही जागा नव्हती. ओल्या मातीचा वास, तापलेल्या शिशाचा वास, वर कापडावर बर्फाची टपटप. केबलच्या आत कागदात गुंडाळलेल्या तारा होत्या... केसांसारख्या बारीक, जोडी-जोडीनं.

“डावीकडून रंग सांगत जा.”

“निळी-पांढरी.”

“हं.”

“लाल-पांढरी... तुमचा हात थरथरतोय.”

“थंडीनं.”

“थंडी मलाही आहे. माझा कंदील हलतोय का?”

“तुमच्या डोक्यावर टोपीवाले सहा जण उभे नाहीत.”

“माझ्याच डोक्यावर आहेत. रस्ता आमचा आहे तो.”

तो हसला. थरथर थांबली. बऱ्याच जोड्यांनंतर मी हळूच विचारलं, “एवढी घाई कुणाची आहे?”

तो तारा पिळत राहिला. मग म्हणाला, “समजा, दोन म्हातारे आहेत. एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दोघांच्याही घरात गाव जाळण्याएवढं रॉकेल भरलेलं. रात्री मांजरानं भांडं पाडलं तरी दोघं काडेपेटी शोधतात. म्हणून लोकांनी त्यांच्यामध्ये एक तार ओढून दिली... काडी ओढण्याआधी निदान विचारावं, ‘अरे, तूच होतास का?’”

 पेपर आमच्याकडेही येतो. कुठल्या राजधानीतून कुठल्या राजधानीकडे अशी तार जाते आणि ती आमच्या देशातून जाते, हे मी वाचलं होतं. पण वाचलेली गोष्ट पेपरात असते. ही माझ्या ओटाखाली होती.

“मी काही बोललो नाही हां,” तो म्हणाला.

“मी काही ऐकलं नाही.”

मी त्या उघड्या तारांकडे पाहिलं. समुद्राखालून, जंगलांतून, चार-पाच देशांमधून येऊन त्या इथं, माझ्या कंदिलाच्या उजेडात, एका लाल कानांच्या माणसाच्या बोटांत आल्या होत्या. इतकं मोठं भय, आणि त्याला आवर घालणारं हे एवढंसं! चर्चमध्ये न बोलता जसं आपोआप हळू श्वास घेतो तसा मी घ्यायला लागले. मग बघते तर तोही तसाच घेत होता.

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी जोड झाला. टोपीवाल्यांपैकी एकानं मान हलवली आणि मोटारी निघून गेल्या. कुणी मला रागावलं नाही, कुणी माझं नावसुद्धा विचारलं नाही. ते जास्त भयंकर होतं.

बाबा अंगणात उभे होते. ते म्हणाले, “कॉफी घेणार?”

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात कॉफीला तीनदा बोलवावं लागतं. पहिल्यांदा पाहुणा म्हणतो, नको, उगाच त्रास. दुसऱ्यांदा म्हणतो, आत्ताच घेऊन आलोय. तिसऱ्यांदा बोलावलं की मग उठतो आणि तरी दाराशी थोडा घुटमळतो. पहिल्या हाकेला येणारा माणूस एकतर उपाशी असतो नाहीतर उद्धट.

“घेणार की!” एस्को म्हणाला आणि बाबांच्या आधी घरात शिरला. वेलदोड्याचा गोड पाव त्यानं स्वतःच्या हातानं उचलला. दुसराही उचलला.

बाबांची भुवई वर गेली ती तो जाईपर्यंत खाली आली नाही. तिथं हिल्या आत्याही होती. बाबांची बहीण. गावाचं टेलिफोन केंद्र तिच्या स्वयंपाकघराला लागूनच होतं. गावातला प्रत्येक फोन ती हातानं जोडायची, आणि जोडल्यावर कान काढून घ्यायची असं काही नव्हतं.

“पहिल्याच हाकेला!” तो गेल्यावर ती म्हणाली. “आई-वडिलांनी काही वळण...”

“शहरातला आहे, आत्या.”

“शहरात काय, माणसं नसतात?” मग माझ्याकडे निरखून बघत ती म्हणाली, “आणि तुझे कान का लाल झालेत गं?”

*

तो उन्हाळाभर येत राहिला. दर दुसऱ्या गुरुवारी तारेच्या वाटेनं पायी गस्त असायची. बांधावर त्यानं एक पिवळी पाटी ठोकली : खणण्याआधी फोन करा. खाली नंबर.

“ही पाटी खास तुझ्यासाठी,” तो म्हणाला. तोवर आम्ही ‘तू’वर आलो होतो.

“माझं नाव कुठाय त्यावर?”

“तुझं नाव लिहिलं असतं तर लोक दगड सोडून तुलाच घाबरले असते.”

आम्ही बांधावर पाय सोडून बसायचो. खाली निचऱ्याच्या चरात पाणी, वर चंडोल, ओट गुडघ्याएवढा झालेला. तो बोलण्यात काटकसर करणारा माणूस नव्हता, पण तारेबद्दल बोलताना शब्द मोजायचा.

“सध्या काय बोलतायत ते दोघं?” मी एकदा विचारलं.

“काहीच नाही. बोलायची वेळ अजून आलेली नाही.”

“मग तार जिवंत आहे हे कळतं कसं?”

“दर तासाला काहीतरी पाठवतात. एकदा इकडून, एकदा तिकडून. बिनकामाचं.”

“म्हणजे काय?”

“मी वाचत नाही. मी नुसता तारजोड्या. पण म्हणतात...” त्यानं आजूबाजूला पाहिलं. तिथं फक्त आमची गाय होती. “म्हणतात, कविता पाठवतात. ऋतूंची वर्णनं. एकदा म्हणे मासा कसा शिजवायचा ते होतं.”

मी मातीवर हात टेकवला. ऊन लागून ती गरम झाली होती. हिच्या खालून, दर तासाला, रॉकेलवर बसलेले दोन म्हातारे एकमेकांना कविता वाचून दाखवत होते. कारण एकच. मी आहे, तू आहेस ना? मला एकदम रडूच आलं.

“काय झालं?” तो घाबरून म्हणाला.

“काही नाही. ओट फार छान आलाय.”

त्यानं त्याचा हात माझ्या हाताशेजारी मातीवर ठेवला. करंगळीला करंगळी लागली. आम्ही दोघं ओटाकडे बघत राहिलो. पाच मिनिटं तरी गेली असतील. गायीनं आमच्याकडे पाठ फिरवली.

सहा ऑक्टोबरला, गुरुवारीच, तो नेहमीपेक्षा लवकर आला. टोपी हातात होती.

“माझी बदली झालीय. उत्तरेला, रोव्हानिएमीला. नवी तार टाकतायत.”

“कधी?”

“सोमवारी.” मग एका दमात, “राइली, माझ्याबरोबर येशील? म्हणजे लग्न करून. येशील?”

माझ्या छातीत अख्ख्या चर्चच्या घंटा वाजायला लागल्या. आणि माझ्या तोंडानं, मी सत्तावीस वर्षं ज्या गावात वाढले त्या गावाच्या तोंडानं, मी खाली बघत म्हटलं, “छे... माझं कसलं... बाबांना कोण बघणार...”

आणि मी वाट बघत राहिले. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर म्हणणार होते, इतक्या लांब थंडी फार असते म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर ‘हो’ म्हणणार होते. ते ‘हो’ ओठांवर आलंच होतं.

एस्कोनं मान हलवली. “बरं,” म्हणाला. टोपी घातली. पिवळी पाटी हलवून घट्ट आहे ना ते बघितलं आणि तारेच्या वाटेनं चालत गेला. एकदाही मागे वळला नाही. मी तशीच उभी होते, दोन उत्तरं हातात घेऊन.

संध्याकाळी आत्यानं विचारलं, “विचारलं म्हणे त्यानं?”

“हो.”

“किती वेळा?”

“एकदा.”

“मग ते विचारणं थोडंच झालं!” आत्या म्हणाली. पण नंतर बराच वेळ तिनं विणकाम उचललं नाही. “तारेवरची माणसं एकदाच विचारतात गं,” ती शेवटी म्हणाली. “मी तरी कुठं दोनदा विचारते... नंबर सांगा, जोडलं, संपलं.”

“मग मी त्याला फोन करू?”

“मुलीनं? आधी?” आत्या म्हणाली. मी फोन केला असता तरी तो तिच्याच हातून गेला असता. मी गप्प बसले. आमच्याकडे गप्प बसणं ही काही अडचण समजत नाहीत.

*

तो हिवाळा उणे अठ्ठावीसपर्यंत गेला. बर्फाखाली शेत, शेताखाली तार. दर तासाला एक कविता जात होती. बिनकामाची. मला मात्र उत्तरेकडून साधं पत्रही नव्हतं, आणि मीही पाठवलं नव्हतं. ते दोन म्हातारे आमच्यापेक्षा शहाणे होते.

मे महिन्यात बर्फ उतरला आणि बांधालगत एक नवा दगड दिसला. आधीच्यापेक्षा मोठा, पिवळ्या पाटीपासून दोन पावलांवर, बरोबर तारेच्या वर. त्या वर्षी ते शेत पड ठेवलं होतं, त्यामुळे घाई नव्हती. जूनमध्ये बाबा म्हणाले, “तो काढून टाक. कुळवाचा दात मोडेल.”

पाच जून, सोमवार. सकाळचे नऊ. मी दगडाला साखळी अडकवली. ट्रॅक्टर सुरू केला. मला सगळं ठाऊक होतं. आदल्या वर्षी पंचेचाळीस मिनिटांत गाडी आली होती. आणि एस्कोनं एकदा सांगितलं होतं, ज्याचा जोड, त्याची जबाबदारी. जोड तुटला तर तो जिथं असेल तिथून त्यालाच बोलावतात. क्लच सोडायचा, बस. एक फूट पुढे. तो येईल. दुसऱ्यांदा विचारेल.

पाय क्लचवर होता. किती वेळ होता, ते मला सांगता येणार नाही. एवढी एकच वेळ मी टिपलेली नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून आत्या सायकल मारत आली. केंद्र सोडून आत्या आलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

“लढाई लागलीय!” ती बांधावरूनच ओरडली. “तिकडे, खाली, वाळवंटाच्या देशांत! रेडिओवर सांगतायत. दोन्ही मोठ्यांची जहाजं एकाच समुद्रात आहेत म्हणे. अगं, बोर्डावरचे सगळे दिवे एकदम...”

ती थांबली. तिनं साखळी पाहिली. पाटी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

मी ट्रॅक्टर बंद केला. एकदम केवढी शांतता झाली! चंडोल गात होता. आणि मला कळलं की माझ्या पायाखाली, हातभर मातीखाली, आत्ता या क्षणी, कविता नाहीयेत. आता ते दोघं खरोखर बोलत असणार. ‘अरे, तूच होतास का?’  मी साखळी सोडली, हातानं, कडी न वाजवता, तान्ह्या बाळाच्या पाळण्यापासून सरकावं तशी.

“आत्या, पाटीवरचा नंबर जोड.”

या वेळी तिनं नुसती सायकल वळवली.

मी फोनवर एवढंच सांगितलं, “राइली मेकिपा, योउत्सेला. दगड वर आलाय. तारेवर आहे. आम्ही हात लावलेला नाही.”

पलीकडचा आवाज म्हणाला, “कुणाला हात लावू देऊ नका.”

मी परत गेले आणि त्या दगडावर जाऊन बसले. बाबा आले, त्यांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, थोडा वेळ जमिनीकडे बघितलं आणि ट्रॅक्टर लांब, पार गोठ्यामागे नेऊन लावला. मग थर्मासमधून कॉफी आणली आणि मला ती एकदाच विचारून दिली.

मंगळवारी सकाळी साडेदहाला राखाडी गाडी आली. तो रस्त्यापासून धावत आला नाही, चालत आला. गाल खप्पड झाले होते. रात्रभर गाडी चालवली होती.

“सगळ्यांना आपापल्या जोडांवर बोलावलंय,” तो म्हणाला. “यादीत तुझा निरोप होता. मी तो चारदा वाचला.”

“चार वाक्यंच तर होती त्यात.”

“‘हात लावलेला नाही’... हे कुणी सांगत नाही, राइली. लोक तोडतात आणि मग फोन करतात.”

“मी साखळी अडकवली होती,” मी म्हटलं. खोटं बोलून सुरुवात करायची नव्हती. “सोडली.”

तो माझ्या शेजारी दगडावर बसला. गुडघे आखडून, दगडावर वजन पडू नये असा. जणू आम्ही दोघं मिळून जगाचं झाकण धरून होतो. खालून काहीच ऐकू येत नव्हतं. तेच मोठं होतं.

“का अडकवली?” त्यानं विचारलं.

“तू एकदाच विचारलंस म्हणून.”

“काय?”

“आमच्याकडे तीनदा विचारतात. कॉफीलासुद्धा.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सात-आठ महिन्यांचा हिशेब उलटा फिरताना मला दिसत होता.

“म्हणजे ऑक्टोबरात... ते ‘नाही’...”

“ते वळण होतं.”

“अरे देवा!” त्यानं डोकं हातात धरलं. “मी पहिल्या दिवशी दोन पाव खाल्ले होते.”

“आम्ही अजून त्यावर बोलतो.”

तो हसता हसता थांबला. टोपी काढून माझ्याकडे वळला. “राइली मेकिपा, माझ्याबरोबर येशील?”

मी खाली बघितलं. वळण ते वळण. “इश्श... इतक्या लांब... थंडी फार असते म्हणतात...”

त्यानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि रस्त्यावर गाडीत बसलेल्या जोडीदारानं हॉर्न वाजवला. लांब, दोनदा. पुढच्या जोडात ओल शिरल्याचं यंत्र दाखवत होतं. तो उठला, माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

“जा,” मी म्हटलं. “ते दोघं आधी.”

तो पळत गेला. अर्ध्या शेतातून ओरडला, “एक राहिलंय! मोजून ठेव!”

त्यानंतरचे पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळी मी दगडापाशी, दुपारी बाबा, मग पुन्हा मी. गावात कुणी विचारलं नाही आणि सगळ्यांना कळलं होतं. बांधाकडच्या रस्त्यानं जाणारे सायकलवरून उतरून चालत जायचे. शेजारचा ट्रॅक्टर आठवडाभर सुरू झाला नाही. साऱ्या योउत्सेलानं पाय न वाजवता दिवस काढले, घरात कुणीतरी गंभीर आजारी असावं तसे. बातम्यांना आत्या रेडिओ खिडकीत ठेवायची. आकाश निळं होतं आणि सगळीकडे जांभळ्या लायलॅकच्या फुलांचा घमघमाट. इतकं सुंदर काही दोन म्हाताऱ्यांच्या बोलण्यावर टांगलेलं असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, बंदुका थांबल्या.

रविवारी, अकरा तारखेला, चर्च सुटायच्या वेळेला बांधाच्या पलीकडून एस्को पळत येताना दिसला. बुटांच्या नाड्या सुटलेल्याच होत्या. बाबा थर्मास घेऊन माझ्याजवळ उभे होते.

“सुरू झाल्या!” तो लांबूनच ओरडत होता. “कविता! परत सुरू झाल्या!”

चरापाशी येऊन तो थांबला. धाप लागली होती. मध्ये फक्त पाणी.

“राइली,” तो म्हणाला, “माझ्याब...”

“येते,” मी म्हटलं.

“पूर्ण तर विचारू दे!”

“येते म्हटलं ना.”

चरातून सरळ पाणी तुडवत तो अलीकडे आला. बाबांसमोर त्यानं माझा हात हातात घेतला. दोघांचेही हात थरथरत होते, आणि थंडी अजिबात नव्हती. बाबांनी आमच्याकडे बघितलं, मग दगडाकडे, मग थर्मासचं झाकण उघडलं.

“कॉफी घेणार?” त्यांनी एस्कोला विचारलं.

एस्कोनं माझ्याकडे डोळा घातला, पाठ ताठ केली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “नको मालक, उगाच त्रास.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि झाकण लावून टाकलं.